राखणीच्या कुत्र्याचे काम पॉलिसीत लिहा : सोलापूरच्या विमा कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
सर्वसाधारण विमा कंपन्यांचे विभागीय व शाखा व्यवस्थापक, सोलापूर;
जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, सोलापूर;
पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, पुणे

विषय : मेंढरांच्या खांडावर (कळपावर) आणि शेतवस्तीवर राखण करणाऱ्या कुत्र्यांना उपयोगी पडेल असा विमा मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

दिवाळी झाली की सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या तालुक्यांतले मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडे, चाऱ्याच्या मागे निघतात. कुणी नीरा-भीमेच्या काठाने उसाच्या पट्ट्यात जातो, कुणी आणखी पश्चिमेला. पुढचे सहा-सात महिने रोज नवे रान आणि रोज नवा तळ. रात्री मेंढरे वाघरीच्या जाळीत असतात, कोकरे डालग्याखाली असतात आणि जाळीच्या बाहेर असतात ते दोन-तीन कुत्रे. या पत्राचा विषय हे जाळीबाहेरचे कुत्रे आहेत.

मेंढीचा विमा उतरवता येतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल झाला आणि पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आला. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. एका कुटुंबाला १० पशू-घटकांपर्यंत म्हणजे १०० मेंढ्यांपर्यंत हा लाभ घेता येतो. या योजनेच्या यादीत गाय, म्हैस, घोडा, गाढव, उंट, शेळी, मेंढी, डुक्कर, ससा, याक आणि मिथुन आहेत. कुत्रा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेच्या यादीत मात्र कुत्रा आहे, आणि त्याच गणनेत भटक्या पशुपालकांचीही पहिल्यांदाच स्वतंत्र नोंद घेण्यात आली. म्हणजे वाडाही मोजला आणि वाड्यावरचा कुत्राही मोजला. विम्याच्या यादीत यायला त्याला एवढा आधार पुरेसा आहे, असे आम्हाला वाटते.

कुत्र्याकडे चैनीची वस्तू म्हणून पाहिले जाऊ नये, याला एक कायदेशीर कारणही आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या माळरानावर लांडगा आहे, करमाळ्याकडच्या उसात बिबट्या आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघेही पहिल्या अनुसूचीत येतात. मेंढपाळ त्यांना मारू शकत नाही, त्यांच्यासाठी फास किंवा विष लावू शकत नाही, आणि तसे करूही नये. मग रात्री त्याच्या हातात काठी, विजेरी आणि कुत्रा एवढेच राहते. कुत्रा गेला की दुसऱ्या रात्रीपासून मेंढ्यांचे दावे वाढतात, आणि ते तुमच्याच कार्यालयात येतात. कुत्र्याचा विमा हा मेंढीच्या विम्याचा खर्च कमी करणारा भाग आहे. अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले, तर पुढच्या बऱ्याच अडचणी सुटतात.

श्वान विमा बाजारात नाही असे नाही. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे तो कितीतरी वर्षांपासून आहे. वयाची अट बहुधा ८ आठवडे ते ८ वर्षे अशी असते, हप्ता विमा रकमेच्या साधारण ५ टक्के अधिक जीएसटी, आणि संरक्षण अपघाती किंवा आजाराने झालेल्या मृत्यूला. अलीकडे काही खासगी कंपन्यांनी उपचारखर्च, चोरी आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचेही संरक्षण देऊ केले आहे. पण हे सगळे घरात राहणाऱ्या, वंशावळीचे कागद असलेल्या, रोज एकाच पत्त्यावर झोपणाऱ्या कुत्र्यासाठी बेतलेले आहे. खांडावरचा कुत्रा त्यात बसवायला गेले की तो चार ठिकाणी अडतो : काम, ओळख, किंमत आणि दाव्याची रीत.

कामाचे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. जनावरांच्या पॉलिसीत एक अपवाद ठरलेला असतो : पॉलिसीत नमूद केलेल्या कामाव्यतिरिक्त, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय, जनावराचा दुसऱ्या कामासाठी वापर झाला तर दावा देय नाही. बैलासाठी किंवा शर्यतीच्या घोड्यासाठी हे कलम योग्यच आहे. कुत्र्याच्या प्रस्ताव अर्जात मात्र ‘वापर’ या रकान्यापुढे सवयीने ‘पाळीव’ असे लिहिले जाते. अर्ज भरणारा प्रतिनिधी घाईत असतो, मेंढपाळाला तो रकाना वाचून दाखवला जात नाही. मग कुत्रा लांडग्याशी झुंजून मेला की शेरा येतो : पाळीव म्हणून विमा घेतला, जोखमीच्या कामाला वापरला. कागदावर पाहता तो शेरा चुकीचाही नसतो. चूक पहिल्या दिवशीच्या त्या एका शब्दात असते.

यासाठी आम्ही पुढील मजकूर सुचवतो. तो पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये किंवा जोडपत्र म्हणून जसाच्या तसा वापरता येईल :

‘विमित कुत्र्याचा वापर मेंढ्या-शेळ्यांच्या खांडाची अथवा शेतवस्तीची राखण करण्यासाठी होतो. तो रात्री मोकळा असतो आणि खांडाबरोबर पायी अथवा वाहनाने स्थलांतर करतो. हे काम करीत असताना वन्य प्राण्याचा हल्ला, सर्पदंश, वाहनाची धडक, वीज, पूर, विहिरीत पडणे किंवा त्रयस्थ व्यक्तीने केलेली विषबाधा यांमुळे झालेला मृत्यू या पॉलिसीखाली अपघाती मृत्यू समजला जाईल. स्थलांतराच्या काळात संरक्षण महाराष्ट्र व कर्नाटक राज्यांत कोठेही लागू राहील.’

यातला एकही शब्द शोभेचा नाही. ‘रात्री मोकळा’ हे लिहिले नाही, तर कुत्रा बांधून न ठेवणे हा निष्काळजीपणा ठरवता येतो. बांधलेला कुत्रा राखण करत नाही आणि बिबट्याला तो आयता सापडतो. ‘वाहनाने’ हा शब्द हवा, कारण लांबच्या टप्प्यावर कोकरे आणि कुत्रे टेम्पोत जातात आणि वाहतुकीतल्या मृत्यूचा अपवाद अनेक पॉलिसींत असतो. कर्नाटकाचे नाव मुद्दाम घातले आहे. मंगळवेढा आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या खांडांना राज्याची हद्द चरताना दिसत नाही. ‘त्रयस्थ व्यक्तीने’ हे शब्द हवेत, कारण विषबाधेचा दावा ‘हेतुपुरस्सर इजा’ या अपवादाखाली नाकारता येतो. त्या अपवादाचा रोख मालकाच्या हेतूवर आहे, दुसऱ्याच्या बांधावर कुणीतरी टाकलेल्या विषावर नाही. हे एकदा स्पष्ट लिहिले की पुढचा वाद राहत नाही.

शाखेला पॉलिसीचा मजकूर बदलता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण शिफारस शाखेतूनच वर जाते. विमा नियामकाने जून २०२२ पासून जवळपास सगळी सर्वसाधारण विमा उत्पादने आधी मंजुरी न घेता बाजारात आणून नंतर दाखल करण्याची मुभा दिलेली आहे. नवे जोडपत्र आणायला आता पूर्वीइतका काळ लागण्याचे कारण उरलेले नाही.

आता ओळख. कंपनीची भीती रास्त आहे : मेलेला कुत्रा विमा उतरवलेलाच कशावरून? गाईला कानात बिल्ला असतो आणि ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. कुत्र्याच्या कानात बिल्ला टिकत नाही. झुंजीत कान फाटतो, काट्यात अडकतो. पट्टा बदलता येतो, आणि फोटोवरून दोन तांबड्या कुत्र्यांत फरक करणे अवघड असते. उरते चिप. ती तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सोडतात. भूल लागत नाही. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी, १५ अंकी क्रमांकाचीच चिप घ्यावी. जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या चिपा अजून कुठे कुठे स्वस्तात मिळतात. १३४.२ चा रीडर, म्हणजे चिप वाचायचे यंत्र, त्या वाचेलच असे नाही, आणि मग दाव्याच्या वेळी ‘चिप आढळली नाही’ असा शेरा बसतो.

चिप बसवतानाचा क्रम पाळावा लागतो. आधी रीडर फिरवून कुत्र्याच्या अंगात जुनी चिप नाही ना, ते पाहायचे. मग पाकिटातली चिप सुईत असतानाच वाचून क्रमांक पाकिटावरच्या चिकटपट्टीशी जुळवायचा. मग बसवायची आणि बसवल्यावर पुन्हा वाचायची. चिकटपट्टीचा एक तुकडा लसीकरणाच्या पुस्तिकेत, एक प्रस्ताव अर्जावर आणि एक डॉक्टरांच्या नोंदवहीत लावायचा. देशभरातल्या चिपांची एकच सामायिक नोंदवही आपल्याकडे नाही, त्यामुळे ही तीन ठिकाणची नोंद हाच पुरावा. मेंढपाळांना हेही आधीच सांगायला हवे की चिपमध्ये फक्त क्रमांक असतो. कुत्रा कुठे आहे, हे ती सांगत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि कुत्रा हरवला की त्यातून नाराजी तयार होते.

काही महिन्यांनी चिप जागेवरून सरकू शकते, खांद्यावर किंवा कोपरापर्यंत उतरू शकते. म्हणून वाचताना लोखंडी पट्टा काढून ठेवावा, रीडर अंगाला जवळजवळ टेकवून मानेपासून दोन्ही कोपरांपर्यंत नागमोडी आणि सावकाश फिरवावा. घाईने फिरवला, बॅटरी उतरलेली असली किंवा खिळ्यांचा पट्टा गळ्यातच राहिला, तर असलेली चिपसुद्धा सापडत नाही. दावा नाकारण्याआधी दुसऱ्या रीडरने दुसऱ्यांदा तपासणी झाली पाहिजे, हे कंपनीने लेखी नियमात घालावे.

चिपेच्या जोडीला पाच फोटो : डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, मालकासह उभा कुत्रा, आणि रीडरच्या पडद्यावर क्रमांक दिसत असताना त्याच चौकटीत कुत्र्याचे तोंड. पाचवा फोटो बाकीच्या चौघांपेक्षा मोलाचा आहे. खुणा लिहिताना ‘रंग तांबडा’ एवढ्यावर थांबू नये. छातीवरचा पांढरा पट्टा, शेपटीचे टोक, फाटलेला कान, जुना व्रण हे सगळे लिहावे.

वयाचा दाखला हा वादाचा दुसरा मुद्दा. खांडावरच्या कुत्र्याचा जन्मदाखला नसतो, दातांवरून अंदाज करावा लागतो. साधारण सहा-सात महिन्यांत सगळे कायमचे दात येतात. त्यानंतर खालच्या मधल्या पटाशीच्या दातांवरची तीन टोके दीड-दोन वर्षांच्या सुमारास झिजतात, वरच्या मधल्या दातांची साडेतीन-चारच्या सुमारास. त्यापुढे दातांचा भरवसा कमी. हाडे चघळणाऱ्या आणि लोखंडी साखळी चावणाऱ्या कुत्र्याचे दात वयाआधीच झिजतात, म्हणजे चार वर्षांचा कुत्रा सहाचा दिसतो. म्हणून डॉक्टरांनी वय ‘४ ते ५ वर्षे’ असे दोन आकड्यांत लिहावे आणि कंपनीने ते तसेच स्वीकारावे. एकच आकडा मागितला की पुढे त्याच आकड्यावर दावा अडतो.

किमतीच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. वंशावळीचा दाखला नसलेला कुत्रा ‘गावठी’ ठरतो आणि त्याची बाजारकिंमत विचारली जाते. खांडावरच्या कुत्र्याचा बाजार भरतच नाही. पिल्लू ओळखीतून येते, कधी मेंढीच्या बदल्यात येते. कारवान, पश्मी किंवा मुधोळ रक्ताचा कुत्रा असला तरी कागद नसतो. आम्ही सुचवतो की किंमत पुन्हा उभा करण्याच्या खर्चावरून धरावी. रात्रीच्या राखणीला भरवशाचा कुत्रा तयार व्हायला दीड वर्ष तरी लागते. उदाहरणादाखल हिशेब असा : पिल्लू १,५०० रुपये, रोज २० रुपयांची भाकरी-ताक धरून ५४० दिवसांचे १०,८०० रुपये, लसी, जंताची औषधे आणि चिप मिळून २,५०० रुपये. एकूण १४,८०० रुपये. दर भागाप्रमाणे आकडे बदलतील, रीत बदलू नये. १४,८०० च्या विम्याचा ५ टक्के दराने हप्ता ७४० रुपये अधिक कर होतो. तीन कुत्र्यांच्या वाड्याला २,२२० रुपये अधिक कर. खांड ज्या भांडवलावर उभे आहे, त्याच्यापुढे ही रक्कम मेंढपाळाला जड नाही.

जातीच्या नोंदीबद्दल महामंडळाला एक विनंती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ या जातींची नोंद केली आहे, आणि हिमाचलातल्या मेंढपाळांबरोबर फिरणाऱ्या गद्दी कुत्र्याचीही. मुधोळ कुत्र्यावर बागलकोट जिल्ह्यातल्या तिम्मापूर येथे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. दख्खनच्या खांडावरच्या कुत्र्याचे मोजमाप, रंग, वजन आणि काम यांची पद्धतशीर नोंद महामंडळाने सुरू केली, तर पुढे किमतीचा वाद आपोआप सौम्य होईल. हे काम एका वर्षाचे नाही. विमा त्याच्यासाठी थांबू नये.

मेंढपाळ जाणूनबुजून कुत्रा मरू देईल आणि पैसे घेईल, ही शंका आम्ही ऐकली आहे. तिचे उत्तर सोपे आहे : मंजूर रकमेच्या ८० टक्केच द्या, २० टक्के मालकाला सोसू द्या. एका वाड्यावर वर्षात दोनाहून अधिक दावे आले, तर पुढच्या नूतनीकरणाआधी पशुवैद्यकाची तपासणी सक्तीची करा. या दोन्ही अटी आम्हाला मान्य आहेत.

आता दाव्याची रीत. इथे सोलापूरचे ऊन मध्ये येते. एप्रिल-मेमध्ये मेलेले जनावर काही तासांत फुगते आणि कुजते. पहाटे मेलेल्या कुत्र्याचे शवविच्छेदन दुपारनंतर झाले, तर मृत्यूचे कारण सांगणे डॉक्टरांना कठीण जाते आणि दाखल्यावर ‘कुजल्यामुळे निष्कर्ष नाही’ असे येते. म्हणून दाव्याची वेळ दिवसांत मोजून भागत नाही. मेंढपाळाने करायचे ते असे : पहिला फोन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या फिरत्या पथकाच्या क्रमांकाला, दुसरा विमा प्रतिनिधीला. शव झाडाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवायचे आणि मिळाला तर बर्फ पोत्यावर टाकायचा. शव डीप फ्रीजरमध्ये गोठवायचे नाही, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत काही कळत नाही. जागेचा, आजूबाजूच्या ठशांचा आणि जखमांचा फोटो शव हलवण्याआधी घ्यायचा. कंपनीने आपल्या बाजूने एवढे करावे की निरीक्षक पोहोचेपर्यंत थांबण्याची अट काढून टाकावी. डॉक्टरांचा दाखला, चिपेसह फोटो आणि ठिकाण दाखवणारा मोबाइलमधला फोटो पुरेसा मानावा. वाडा त्या दिवशी दौंडजवळ असेल तर सोलापूरचा निरीक्षक वेळेत पोहोचत नाही, यात कुणाचाच दोष नाही.

शवविच्छेदनाची सक्तीही सरसकट नको. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याचे शव रानात उघडणे हे डॉक्टरांच्या आणि मदतनिसाच्या जिवाशी खेळणे आहे. अशा वेळी फक्त डोके काळजीपूर्वक वेगळे करून, गळणार नाही अशा दुहेरी पिशवीत, बर्फात, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायचे असते. तो अहवाल हाच दाखला धरावा.

विषबाधेत घाई आणखी वाढते. रानडुकरांसाठी किंवा उंदरांसाठी कणकेच्या गोळ्यात, मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक भरून बांधावर टाकले जाते. ‘थिमेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोरेटवर बंदी आली, तरी जुना साठा आणि त्याच गटातली इतर औषधे रानात आहेतच. लाळ गळणे, अंग थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही लक्षणे. वेळेत अ‍ॅट्रोपिन मिळाले तर कुत्रा वाचतो. मेला तर पोटातला ऐवज, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात, वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावे लागतात. फॉर्मलिनमध्ये ठेवले की विषाची तपासणी बिघडते, आणि ही चूक वारंवार होते. हे नमुने पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, म्हणून आधी तक्रार नोंदवावी लागते. जनावर मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात. तेवढ्यात ‘कागदपत्रे अपुरी’ म्हणून दावा बंद करू नये. तक्रारीची प्रत आणि डॉक्टरांचा प्राथमिक दाखला यावर निम्मी रक्कम द्यावी, उरलेली अहवालानंतर.

बिबट्याच्या हल्ल्यात तर शवच उरत नाही. तो कुत्र्याला नरड्याला धरून उचलतो आणि उसात नेतो. मागे राहतो तुटलेला पट्टा, ओढल्याची खूण, रक्त आणि पंजाचे ठसे. चिप कुत्र्याबरोबर गेलेली असते. पॉलिसीच्या भाषेत हा ‘बेपत्ता’ कुत्रा, आणि बेपत्ता म्हणजे दावा नाही. यावर तोडगा असा : वनरक्षकाला ४८ तासांच्या आत कळवून पंचनामा करून घ्यायचा, ठशाशेजारी मोजपट्टी किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढायचे, पट्टा जपून ठेवायचा. पंचनाम्यात कुत्र्याचा चिप क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक लिहून घ्यायचा. पंचनामा मेंढीचा चालला असेल, तरी त्यात कुत्र्याची ओळ घालण्याचा आग्रह धरायचा. ३० दिवस वाट पाहून कुत्रा परतला नाही, तर कंपनीने वनखात्याचा पंचनामा मृत्यूचा पुरावा म्हणून स्वीकारावा. वनखात्यालाही विनंती की भरपाईच्या आदेशांत ‘इतर पशुधन’ असे मोघम न लिहिता राखणीच्या कुत्र्याचे नाव घालावे.

आजाराच्या बाबतीत कंपनीची लसीची अट आम्हाला पूर्ण मान्य आहे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला आणि मग दरवर्षी. डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा आणि मग वार्षिक. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी, आणि त्यात फीतकृमीवर चालणारे प्राझिक्वांटेल हवेच. मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्याला टाकले की त्यातून फीतकृमी कुत्र्यात वाढतो, त्याची अंडी गवतावर पडतात आणि मेंढ्यांना गरगर फिरायला लावणारा गिड रोग खांडात येतो. म्हणजे कुत्र्याच्या जंताची गोळीही मेंढीच्या विम्याचे रक्षण करते. लसीची बाटली मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. खिशातून आणलेली लस टोचून पुस्तिका भरली, तर कागद खरा आणि कुत्रा उघडा अशी गत होते. बाटलीवरची बॅच क्रमांकाची पट्टी पुस्तिकेत चिकटवणे म्हणूनच सक्तीचे करा.

उपचारखर्चाचे मोठे संरक्षण आम्ही मागत नाही. त्याने हप्ता दुप्पट-तिप्पट होईल आणि मेंढपाळ मुळातून विमाच सोडून देईल. फक्त अपघाती उपचारांसाठी वर्षाला ५,००० रुपयांची मर्यादा असलेली पुरवणी हवी. घोणस चावलेल्या कुत्र्याला माणसाचीच बहुगुणी प्रतिविषाची लस लागते, दहा मिलिलिटरच्या एकाहून अधिक बाटल्या लागू शकतात. तेवढ्या पैशांसाठी सध्या उपचार सोडून दिले जातात. तिसऱ्या व्यक्तीला चावल्याच्या जबाबदारीचे संरक्षण मात्र वगळू नका. तळ गावालगत पडतो, पहाटे शेताकडे निघालेला माणूस वाघरीजवळून जातो, आणि एका चाव्यातून वाड्याला ते रान कायमचे बंद होऊ शकते. खिळ्यांचा पट्टा घातलेल्या आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याला हप्त्यात थोडी सूट दिलीत, तर हल्ल्यातले मृत्यू आणि भटकणे दोन्ही कमी होतील.

चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतींत सुरक्षा संस्थांचे कुत्रे आहेत. त्यांच्यासाठी कागदपत्रांची अडचण कमी आहे. पॉलिसीत मालक म्हणून संस्थेचे नाव असावे, हाताळणाऱ्या कामगाराचे नसावे, कारण कामगार बदलतो. पत्र्याच्या शेडमधला उष्माघात हा अपघात धरायचा की निष्काळजीपणा, हेही आधीच ठरवून घ्यावे. आमच्या मते सावली, पंखा आणि पाणी नसलेल्या शेडमधल्या मृत्यूचा दावा नाकारलाच पाहिजे.

तुमची खरी अडचण आम्हाला दिसते. सातशे रुपयांच्या हप्त्यासाठी एक डॉक्टर आणि एक प्रतिनिधी रानात पाठवणे परवडत नाही. म्हणून एकेका कुत्र्याची पॉलिसी नको. मेंढपाळ सहकारी संस्थेच्या नावाने एक सामूहिक पॉलिसी आणि सोबत कुत्र्यांची यादी, असे करा. दसऱ्याच्या आधी, वाडे निघण्यापूर्वी, सांगोला, माळशिरस आणि मंगळवेढा येथे एकेक दिवसाचे शिबिर ठेवा. एक डॉक्टर, दोन मदतनीस, दोन रीडर आणि शीतपेटी एवढ्या साहित्यात एका दिवसात पन्नास कुत्र्यांची चिप, लस, फोटो आणि अर्ज होतात. कुत्र्यांमध्ये अंतर ठेवायला आणि तोंड बांधायला सुती पट्ट्या जास्त घ्या, खांडावरचा कुत्रा अनोळखी हाताला सहज अंगाशी येऊ देत नाही. दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत महाराष्ट्र-कर्नाटकातले मेंढपाळ एकत्र येतात. तिथे कुत्रे आणायला सांगू नका, गर्दीत ते बिथरतात. माहितीचे टेबल मात्र जरूर लावा, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत.

विमा संरक्षण लागू झाल्यावर पहिल्या १५ दिवसांत आजाराचा दावा मिळत नाही. त्यामुळे शिबिर उशिरा झाले, तर वाड्याचे पहिले दोन आठवडे उघडेच जातात. ही तारीख दिवाळीच्या आधी किमान तीन आठवडे धरावी.

मेंढपाळ बांधवांनाही याच पत्रातून सांगतो : अर्जात वय कमी सांगू नका, ‘वापर’ या रकान्यात ‘राखण’ लिहिल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका, आणि दावा नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे कुठेच जाता येत नाही. लेखी नकार किंवा महिनाभर उत्तर नाही, अशा स्थितीत पुण्याच्या विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

वर दिलेल्या जोडपत्राच्या मजकुरातला कोणता भाग आपल्या कंपनीला मान्य आहे, कोणता नाही आणि का, हे प्रत्येक कार्यालयाने लेखी कळवावे. ज्या कलमावर आक्षेप असेल, त्याच्यासाठी दुसरा शब्द सुचवावा. चिप बसवणे, दाखले देणे आणि शिबिरात अर्ज भरणे या कामांसाठी आम्ही उपलब्ध आहोत.

आपले,
राखणीच्या कुत्र्यांबरोबर काम करणारे सोलापूर जिल्ह्यातील काही पशुवैद्यक, मेंढपाळ व विमा प्रतिनिधी